सरव्याची हळद

जिवाणूला नाव द्यायचं तर तो जिवंत लागतो. हा नियम मी पुस्तकात कितीदा वाचला होता, पण टोचला मात्र फार उशिरा. नवा जिवाणू सापडला की त्याचं वर्णन छापायचं आणि त्याचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवायला द्यायचा, मग कुठे ते नाव अधिकृत होतं. नमुना मेला तर नावही गेलं.

माझा जिवाणू हळदीच्या गड्ड्यात राहायचा. मातीत नाही, सालीवर नाही, थेट आत, गरात. तो हळदीला कसलाच त्रास देत नव्हता, उलट त्याच्या सोबतीनं मुळं जोमानं वाढायची. डोंगरकड्याजवळ आमचं गाव. तिथे माय विहिरीच्या कडेला घरच्या जुन्या बेण्याच्या थोड्या ओळी लावायची, बाकी रानात नवी जात. तो फक्त त्या जुन्या ओळींत सापडला. नव्या जातीत पाहिलं, बाजारातून गड्डे आणून पाहिलं, वसमतकडची हळद चिरून पाहिली. नाही म्हणजे नाही. मी आनंदानं मायला फोन केला, तर ती म्हणाली, "अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊ नको. आन् त्याला गावाचं नाव देऊ नको बरं. उद्या व्यापारी म्हनतीन, त्या गावच्या हळदीत किडे हाएत."

मी तेव्हा हसले. मला गावाचंच नाव द्यायचं होतं. एरवी आमच्या गावाचं नाव कोण कशाला छापणार होतं?

उन्हाळ्याच्या तोंडाला, लागोपाठच्या सुट्ट्यांत, हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजातला डीप फ्रीजर बंद पडला. सुट्टी संपल्यावर मी दार उघडलं तर आतून कोमट, कुबट हवा आली. नळ्यांमधला एकही नमुना परत वाढला नाही. परदेशी पाठवलेली कुपी तिथे पोचेपर्यंत मेली होती, हे आधीच कळलं होतं. पण माझ्याकडे भरपूर आहे म्हणून मी दुसरी पाठवायला आज-उद्या करत राहिले. आता माझ्या माहितीत तो एकाच ठिकाणी उरला होता, मायच्या विहिरीच्या कडेला.

मी लगेच फोन केला. "माय, विहिरीकडची एक पाटी हळद माझ्यासाठी काढून ठेव. खराब होऊ देऊ नको."

"ठेवते की. काढनीच चालू हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रजा टाकून मी बस धरली. वारंगा फाट्यावर उतरले तर पुढे जायला काही मिळेना. एक ऑटोवाला सीट भरल्याशिवाय हलायला तयार नव्हता. त्याच्याशी मी इतकी भांडले की शेवटी तो मला एकटीलाच घेऊन निघाला, बहुतेक माझी ब्याद टळावी म्हणून.

शेताच्या वाटेवरच वास आला. हळद शिजतानाचा तो जड, ओला वास लांबून कळतो. गावात हळद शिजवायचा कुकर एकच, तो पाळीनं फिरतो. आमची पाळी दोन घरांनंतर होती. पण त्या दोघांची हळद अजून जमिनीतच होती, म्हणून कुकर आधी आमच्याकडे आला होता. बांधावर वाफेचे लोट उठत होते.

माय हसतमुखानं पुढे आली. तिच्या हातात पाटी, वरून धुतलेलं फडकं. "ही तुझी. पहिल्या घान्यातच शिजवून घेतली, कोऱ्या पान्यात."

मी फडकं काढलं. हळद शिजली की नाही हे बघायला आमच्याकडे गवताची काडी टोचतात. मी काडी टोचली, ती सरळ आरपार गेली.

"माय, हे काय करून ठेवलंस?" मी ओरडलेच. कुकरवर काम करणारी माणसं वळून बघायला लागली.

"काहून वरडून राहिली? तूच म्हनली न, खराब होऊ देऊ नको? कच्ची ठेवली असती तं सडली असती."

तिचं बरोबर होतं. हळदीच्या घरात खराब होऊ न देणं म्हणजे शिजवणं, दुसरा अर्थच नाही. मी याच घरात वाढले आणि फोनवर बोलताना मला एवढं सुचू नये! राग माझा मलाच येत होता, पण काढला मी तिच्यावर. "मेलं ते. त्यात जे होतं ते उकळून मेलं. बेणं कुठंय?"

"यंदा तिकडचे गड्डे सडाय लागले व्हते. ते बेनं आता बंद केलं. समदं शिजवलं."

मी विहिरीकडे धावले. ओळी उकरलेल्या होत्या. मी बसकण मारून दोन्ही हातांनी माती चाळत गेले, नखांत ढेकळं भरली, पण हळदीचा तुकडासुद्धा हाती लागला नाही. मागून माय आली. हळू आवाजात म्हणाली, "सरवा झाला तिथला. धनगर आळीतली मावशी काल वेचून गेली."

पीक काढल्यावर जमिनीत जे राहतं तो सरवा. जो वेचेल त्याचा. मी उठले आणि धनगर आळीकडे निघाले, तर मायनं माझं मनगट धरलं.

"सरवा परत मागत न्हाईत."

"माय, तिनं शिजवली तर सगळं संपलं!"

"संपू दे. मागायचं न्हाई." ती म्हणाली. "तू कडेवर व्हती माझ्या. लोकाच्या रानात दिसभर वेचलं, आन् मालकिनीनं बांधावर माझी ओटी रिकामी केली. समद्यांच्या म्होरं. मी तसं कुनाला करनार न्हाई, तुलाबी करू देनार न्हाई."

ही गोष्ट तिनं मला कधीच सांगितली नव्हती. मला लाज वाटत होती आणि पाय मात्र धनगर आळीकडे ओढत होते. तिकडे घराघरांतून चुलींचा धूर निघत होता.

मायनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग ती तरातरा मागे गेली, माझ्यासाठी शिजवलेली ती पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागली. "बदली करू," एवढंच म्हणाली.

मावशीच्या अंगणात चुलीवर पातेलं चढलेलं होतं. शेजारच्या सुपात धुतलेली कच्ची हळद. पाण्याला आधण यायला लागलं होतं, मला त्याचा आवाज ऐकू येत होता. मायनं पाटी खाली ठेवली. "ही शिजलेली तू घे आन् तुझी कच्ची हिला दे. तुझं सरपन वाचंल."

मावशीनं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "शिजलेली देऊन कच्ची नेऊन राहिल्या? सोनंबिनं घावलं का काय त्यात?"

"जीव हाय त्यात, मावशी," मी म्हणाले.

"जीव तं माझ्या मेंढरातबी हाय. ती न्हेती का?" असं म्हणून ती खदाखदा हसली आणि सूप माझ्याकडे सरकवलं. पाण्याला उकळी फुटली होती.

नव्या जातीचे तुकडे त्यात मिसळलेले होते. मी एकेक मोडून बघत गेले. जुन्या हळदीचा गर गडद, जवळजवळ शेंदरी असतो. तसे ओंजळभरही निघाले नाहीत.

जिवाणू वाढवणं म्हणजे काही पी हळद अन् हो गोरी असा मामला नाही. तुकडे वरून निर्जंतुक केले, चिरले, काचेच्या बशीतल्या पोषक खळीवर ठेवले आणि वाट बघत बसले. आधी दुसरेच भराभर वाढले, पांढरे, चिकट, आगंतुक. माझा हळू वाढणारा, हे ठाऊक होतं, तरी मी रोज सकाळी बशी उजेडात धरायची आणि जेवण जायचं नाही. मायचा फोन रोज यायचा. माझी तब्येत विचारायची सोडून ती विचारायची, "जित्तं झालं का?" मी नाही म्हणायची.

एका सकाळी एका तुकड्याच्या कडेला फिकट पिवळे ठिपके दिसले, मोहरीहून बारीक. मी खुर्चीवर बसले आणि रडले. तपासण्या झाल्या, तोच निघाला. या वेळी एक दिवसही न दवडता नमुने दोन्हीकडे रवाना केले आणि दोन्हीकडून जिवंत असल्याची पोच येईपर्यंत नावाचा विषय मी कुणाला काढू दिला नाही.

पोच आल्यावर मायला फोन केला.

"जित्तं हाय, माय. दोन्हीकडं. नावबी ठेवलं."

"गावाचं?" तिचा आवाज धास्तावला.

"न्हाई. कयाधूचं."

कयाधू ही मायच्या माहेरची नदी.

"बराबर केलं," ती म्हणाली. मग नाक ओढून, "आता सांगून ठेव समद्यांला. शिजवू नका म्हना त्याला."