जोड आकड्याचं नाणं

संगमनेरचा कल्याण पिठाची गिरणी चालवतो. दळणाच्या सुट्या पैशांत जोड छापाची नाणी शोधायचा त्याला नाद लागला होता. गिऱ्हाईक नसलं की पिठानं माखलेले हात पुसून तो एकेक नाणं भिंगाखाली धरायचा. मूळ साच्यातच अक्षर दुबार उठलं असेल, तर दोन्ही रेघा गोलसर, उठावदार दिसतात. अशा नाण्याला शौकीन लोक मोल देतात. छापताना साचा नुसता हलला असेल, तर रेघेशेजारी चपटी पायरी पडते. तिला कोणी विचारत नाही.

भाऊबीजेला धाकटी बहीण आरती श्रीगोंद्याहून आली. ओवाळून झाल्यावर तिनं रुमालात गुंडाळलेलं दोन रुपयांचं नाणं पुढं केलं. त्यावर वर्षाचा आकडा जोड दिसत होता. मोबाईलवर एक माणूस त्याचे दोन लाख देतो म्हणत होता. फक्त आधी नोंदणीची फी भरायची होती.

कल्याणनं नाणं उन्हात नेऊन नीट पाहिलं. पायरी चपटी होती.

"आरते, हे दोन रुपयेच हायत. फी-बी भरू नको. फसवत्यात."

आरतीनं नाणं परत गुंडाळलं. "आबांच्या माळालाबी तू असंच म्हनला हुतास, दादा. नुसता खडक हाय, काय किंमत न्हाई. मी हक्क सोडला, सही दिली. वर्षात तिथनं रस्ता गेला, सरकारचा पैसा आला आन् तुझी गिरनी उभी राह्यली."

 रस्ता येणार हे तेव्हा कल्याणला ठाऊक होतं. आज तो खरं सांगत होता, पण ते पटावं असं त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं. आरती जेवायलाही थांबली नाही.

तिनं फी भरली. मग त्या माणसानं टॅक्स मागितला, तोही भरला. नंतर त्याचा फोन लागेना. हे सगळं आरतीच्या नवऱ्यानं, सूर्यभाननं, तिच्या नकळत कल्याणला कळवलं.

कल्याण एसटीनं श्रीगोंद्याला गेला. माळाच्या पैशातला तिचा वाटा द्यायचा, असं वाटेत त्यानं पक्कं केलं. आरतीनं चहा पुढं ठेवला.

"तू म्हनलास तसंच झालं," ती म्हणाली. "पन तू नको म्हनलास म्हनूनच मी भरले रे."

माळाची गोष्ट कल्याणच्या ओठांवर आली. तेवढ्यात गिरणीच्या नव्या मोटारीचा हप्ता आठवला, आणि त्यानं ऊस कधी तुटणार, एवढंच विचारलं.

पुढच्या भाऊबीजेला आरती आली नाही. त्यानंही बोलावलं नाही.