शेजारची सीट आज काढली

मंडळी, सकाळी गडब गावातल्या गॅरेजात आमची सेडान अर्धी रिकामी करून आले.

हे गेल्यापासून दोन वर्षं ती दारात उभी होती. आता लेक मेघना ती घाट चढायच्या शर्यतीत चालवणार आहे. मेस्त्री आधी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायला निघाले होते. शर्यतीच्या गाडीला आधी काय लागतं, ते मी वाचून गेले होते. म्हटलं, "आधी ब्रेक आणि टायर. आवाजानं गाडी थांबत नाय."

"वैनी, न वाचणारं गिऱ्हाईक बरं असतं," मेस्त्री हसले.

मग वजन कमी करायला मागची सीट निघाली. ड्रायव्हरशेजारची काढताना मात्र मी अडवलं. रोह्याला माहेरी जाताना मी तिथंच बसायचे, यांच्या बाजूला.

मेघना म्हणाली, "राहू दे आई. जरा हळू चढेल, चालेल मला."

तिनं माझ्यासाठी मागं राहावं, हे काही पटेना. मीच पाना मागितला. शेवटचा बोल्ट गंजला होता, तो दोघींनी मिळून सोडवला.

"आता तू कुठं बसशील गो?" मेघनानं विचारलं.

"मी वर उभी राहीन, शर्यत संपते तिथं."

गेलेल्या माणसाची वस्तू तुम्ही तशीच जपलीत, की वापरात आणलीत?