खळ्याच्या कडेला काढलेले बूट

मंगरूळपीरच्या बाजारात आजही कोणीतरी खोचकपणे विचारतं, "लढाईत तुमच्या फिती काहून उतरल्या हो?" विचारणाऱ्याला वाटतं, मी मान खाली घालीन. मी मान ताठ ठेवतो आणि सांगतो, बूट काढले म्हणून.

आमचा भाजीचा मळा आणि थोडी ज्वारी. खळ्यात पायताण घालून जायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नाही. चालायला लागलो तेव्हापासून पायांनाच ते ठाऊक. धान्याची रास म्हणजे देव, त्यात वाद कसला?

दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशात, मी इंग्रजांच्या फौजेत नाईक होतो, बाहीवर हुद्द्याच्या दोन फिती. हाताखाली दहा जण, सगळे वऱ्हाडातले. एका सकाळी कप्तानानं हुकूम दिला, समोरच्या ओसाड गावाच्या टोकाला, उंचवट्यावर मशीनगन लावा. वर जाऊन बघतो तर तिथं खळं. माणसं पळून गेलेली, भाताची रास तशीच पडलेली. कडेला पोचताच मी खाली बसलो आणि बूट काढले. वळून पाहिलं तर दहाही जण नाड्या सोडत बसलेले. शत्रू नदीपलीकडे आणि आमची पलटण अनवाणी!

गोरा कप्तान धावत आला. "बूट पहनो! अभी!" गोळी सुटली तर काय बूट शोधत बसणार, असं त्याचं म्हणणं. खरं सांगतो, त्याचं काही चुकत नव्हतं. पण हाच माणूस दर रविवारी गुडघे टेकून प्रार्थना करायचा, आणि टोपी काढायला एकदाही विसरला नव्हता.

मी म्हणालो, "साब, आप खुदा के सामने टोपी उतारते हो. हमारा देव ये सामने पडा है."

"ये अनाज है!"

"हाँ साब. वही."

मागून मेडशीचा लान्सनाईक हळूच म्हणाला, "नाईक, घाला ना बूट. फिती जातीन तुमच्या. देव काय समजून नाई घ्याचा?"

"तुमाले घालाचे असतीन तं घाला," मी म्हणालो. कोणीच घातले नाहीत. कप्तान तणतणत खाली गेला आणि दिवसभर आम्ही गन अनवाणीच राखली.

संध्याकाळी माझ्या फिती उतरल्या आणि मेडशीवाल्याला मिळाल्या. त्यानं त्या खिशात ठेवल्या, बाहीला शिवल्या नाहीत. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. त्या फितींसाठी मी घाम गाळला होता, घरच्या पत्रात त्या मिरवल्या होत्या. पण पुन्हा तोच हुकूम आला असता, तर पुन्हा तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी नदी पायी ओलांडता येईल असा उतार शोधायला तुकडी जायची होती. नवा नाईक म्हणाला, "चला." बाकीचे नऊ जण माझ्याकडे बघत उभे राहिले. नाही कोणी म्हणालं नाही, पण पाऊलही कोणी उचललं नाही. नवा नाईकसुद्धा माझ्याचकडे बघत होता.

कप्तानानं ते पाहिलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग मला म्हणाला, "तुम ले जाओ." मेडशीवाल्यानं लगेच खिशातून फिती काढल्या. कप्तानानं त्या घेऊन माझ्यापुढे धरल्या.

"रहने दो, साब," मी म्हणालो आणि नदीकडे चालू लागलो. मागं वळून पाहिलं नाही. दहाही जण येत होते, ते मला ठाऊक होतं.