आईच्या कपाळावरची आठी

आमच्या घरात एक फोटो आहे, तो बघून पाहुण्यांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबतो. आई-अप्पांचा, लग्नानंतर लगेच देवराज मोहल्ल्यातल्या एका स्टुडिओत काढलेला. अप्पा शिंपी. स्वतः शिवलेला कोट दिसावा म्हणून छाती पुढे काढून, दात दाखवत हसताहेत. शेजारी आई. ओठ घट्ट मिटलेले, कपाळाला अशी आठी, की आता उठून त्या कोटाची शिवण उसवणार.

मागच्या वर्षी अप्पांनी दुकान बंद केलं आणि दोघं कुवेंपुनगरात माझ्याकडे राहायला आली. आईला तो फोटो हॉलमध्ये हवा होता. अप्पांनी तो कपाटावर सुटकेसच्या मागे ढकलला. आईने काढून पुसून ठेवला, अप्पांनी पुन्हा ढकलला. हा खेळ इतका रंगला, की शेवटी मी अप्पांना गॅलरीत गाठलं.

"सुम्ने, उगाच लपवता कशाला? लावू की हॉलमध्ये."

"नको पुट्टी." त्यांनी मान रस्त्याकडे वळवली. "ती साताऱ्याकडची. इथली कन्नड भाषा येत नव्हती, माणसं नवी. तिच्या मनाविरुद्ध आणली गं तिला. तोंडावर दिसतंय ते. रोज काय बघायचं त्याच्याकडे?"

"मग तिला कधी विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती, तर?"

मी हसायच्या तयारीत होते, पण हसू आलं नाही. दर शुक्रवारी मार्केटातून आईसाठी न चुकता मल्लिगेचा गजरा आणणारा हा माणूस. मला वाटायचं, काय हौस आहे अप्पांना! त्या फुलांत इतकी भीती असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

आई स्वयंपाकघरात अवरेच्या शेंगा सोलत होती. मी सरळच विचारलं, फोटोत एवढी रागावली का होतीस?

"रागावले कुठं? तो फोटोवाला सारखा म्हणायचा, स्वल्प नगम्मा, नगम्मा! आमच्या गावात नगं म्हणजे नको. मला वाटलं, हसू नगं म्हणतोय. मिटलं तोंड. तो आणखी ओरडला, मी आणखी मिटलं."

कन्नडमध्ये नगु म्हणजे हस; नगम्मा म्हणजे हस गं बाई. तो बिचारा गळा फोडून हसायला सांगत होता.

"मग कन्नड कळायला लागल्यावर अप्पांना सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. पण तोवर शुक्रवारची मल्लिगे सुरू झाली होती. रुसले नाही म्हटलं असतं तर फुलं बंद झाली असती, अल्वा?"

"आणि अप्पा आवडले होते का?"

आईने शेंग खाली ठेवली. "बघायला आले, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीच्या झग्याचं बटण तुटलं होतं. खिशातून सुईदोरा काढून तिथंच लावून दिलं. मी दाराआडून बघत होते. तेव्हाच ठरवलं मी. आता तू शेंगा सोल."

माझ्या पोटात काही राहत नाही. आई देवळात गेल्याबरोबर मी अप्पांना सगळं सांगून मोकळी झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

शुक्रवार आला. संध्याकाळी अप्पा रिकाम्या हातांनी घरी आले. आईने दार उघडलं, त्यांचे हात बघितले आणि आत गेली. भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजायला लागली. मी स्वतःच्या जिभेला मनातल्या मनात शिव्या घालत बसले.

अप्पांनी कपाटावरचा फोटो काढला आणि माझ्याकडे हातोडी मागितली. हॉलच्या मधोमध खिळा ठोकला. फोटो टांगून, मागे सरून, एक डोळा मिटून तो सरळ आहे का ते पाहिलं. मग आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. अप्पांनी शर्टाच्या आतून केळीच्या पानाचा पुडा काढून पुढे धरला.

"आता तरी नगम्मा," ते म्हणाले.

आईने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि तशीच्या तशी आठी घातली.

"नगं," ती म्हणाली, आणि फुलं माळून घ्यायला त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.