बैलासारखा पाडलेला कुत्रा

आमचा कुत्रा मुळात पांढरा. धानाची कापणी झाली आणि तो बांधाबांधानं असा हिंडला, की चामोर्शीकडची निम्मी कुसळं आणि झाडून सगळे गोचीड त्याच्या केसांत राहायला आले. जटा अशा झाल्या, की एक चिमणी घरट्यासाठी जागा पाहून गेली. खोटं वाटत असेल तर चिमणीला विचारा.

पण गळ्याखालच्या जटेतून सडका वास यायला लागला, तेव्हा माझी थट्टा थांबली. बायकोनं हाडूक दाखवून केस जरासे बाजूला केले. आत जखम, जखमेत किडे वळवळत होते.

"अजी, आज हे केस कापले नाई तं मरते हा," ती म्हणाली.

वाघाच्या मुलखात राहतो आम्ही, पण वाघ परवडला. या कुत्र्याला गळ्याशी हात चालत नाही. म्हणून शेजारच्या भाऊला हाक मारली. भाऊ बैलांना नाल ठोकतो. दोर पोटाला फिरवून असा हिसका देतो, की बैल धाडकन आडवा.

"बैल पाडतो मी. हे कापसाचं बोंड काय हाय!"

बोंडानं पहिल्याच झटक्यात भाऊच्या पोटरीचा लचका तोडला. भाऊनं आईबापांचा उद्धार केला. कुत्र्याच्या की माझ्या, कळलं नाही. मग दोर आवळून हिसका दिला. कुत्रा आपटला, त्याच्यावर भाऊ, भाऊवर मी.

आधी माझं दाढीचं मशीन चालवलं. पहिल्या जटेत ते किंचाळून मेलं. मग बायकोची ब्लाऊज बेतायची कैची घेतली. शहाणा माणूस दातांपासून लांब सुरुवात करतो, म्हणून मी शेपटीकडून लागलो. मागचे पाय, कंबर, पोट. बैलबंडी भरेल इतके केस पडले.

"दोर ढिला काऊन होऊन राह्यला बे?" भाऊ ओरडला.

दोर कुत्र्याला बसलाच नव्हता, केसांवर आवळला होता. केस गेले, आतून मांजराएवढं जनावर निघालं आणि दोरातून बाहेर पडलं. जाताजाता माझा अंगठा आरपार फोडला. मागून नागडा, पुढून सिंह, गळ्यात ती जट तशीच. पाण्यानं भरलेला पितळी गुंड लोळवला, कोंबड्या उधळल्या आणि बैलबंडीखाली घुसला.

"गेला आता हा जिवानिशी!" बायको रडकुंडीला आली.

कैची घेऊन मी बंडीखाली सरपटलो. त्यानं माझं डावं मनगट धरलं, थेट हाडापर्यंत. मागं ओढलं असतं तर मांस त्याच्याकडे राहिलं असतं. म्हणून उलट आणखी आत रेटलं. तोंड भरलेलं, म्हणजे दात कामात. उजव्या हातानं ती जट कापून काढली. बायकोनं दुसऱ्या बाजूनं हात घालून सीताफळीच्या पाल्याचा रस जखमेत पिळला. किडे धानासारखे गळले. माझं रक्त, त्याचं रक्त आणि तो हिरवा रस मिळून बंडीखाली चिखल झाला.

भाऊनं लांबूनच विचारलं, "मेला का?"

"कोन?" बायको म्हणाली.

"कोनी बी."

कोणीच मेलं नाही. जखम भरली. मला दवाखान्यात सुया टोचल्या, भाऊला टाके पडले.

आता केस वाढूच देत नाही. कापायला गळ्यापासून सुरुवात करतो. आधी डाव्या हाताला पोतं गुंडाळून त्याच्या जबड्यात देतो. तोही दात रोवून, गुरगुरत, शेवटचा केस पडेपर्यंत धरून राहतो.