मीराचा मोकळा हात

आमची मीरा नर्स आहे. परवा दुपारी परदेशातल्या एका हॉस्पिटलकडून तिची मुलाखत होती, तीही फोनवर. तरी ती इस्त्रीची साडी नेसून, नीट वेणी घालून बसली.

"अगं, फोनवर कोण बघणार आहे?" मी विचारलं.

"बाबा, गाऊन घातला की आवाजही पेंगुळतो."

आठवडाभर मी साहेब होऊन तिला प्रश्न विचारत होतो आणि ती पाठ केलेल्या इंग्रजीत अडखळत होती. फोन आला तेव्हाही सुरुवातीला तसंच झालं. मग तिकडच्या बाईंनी विचारलं असावं, की घाबरलेल्या म्हाताऱ्या पेशंटला कसं सांभाळता? दाराच्या फटीतून मला मीराचा मोकळा हात दिसला. तो हवेत उशी सारखी करत होता, कुणाला तरी पाठीला आधार देऊन अलगद बसवत होता. आणि तिचं इंग्रजी न अडखळता वाहू लागलं. मनापासून केलेल्या कामाचे शब्द बहुधा हातातच साठत असावेत. इतकी वर्षं ती ड्यूटीवर जाताना मी पाहिली होती. ड्यूटीवर असलेली त्या दुपारी पहिल्यांदाच पाहत होतो.

फोन ठेवून ती धावत बाहेर आली. "बाबा, घेतलं मला!"

लेक लांब जाणार याचं वाईट वाटेलच, सवडीनं. त्या क्षणी मात्र मला तिकडच्या अनोळखी म्हाताऱ्यांचा हेवा वाटला.