भैरूचं बाळ

आमचा भैरू पाळण्याखाली बसून गुरगुरतो आहे. असा की तीन गल्ल्यांतली कुत्री वेलांटीसारखी शेपूट आत घालून बसली असतील.

सून बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा कुत्र्याला बाळाची सवय लागावी म्हणून मी बारशातली युक्ती केली. वरवंट्याला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला. म्हटलं, "भैरू, हे आपलं बाळ, हं!" त्यानं ते असं सांभाळलं की माशीसुद्धा परवानगी काढून उडायची.

आज खरं बाळ आलं. बायकोनं वरवंटा उचलायला हात घातला आणि भैरू तिच्यावर दात विचकून धावला. सून बाळाला छातीशी धरून दारातच थांबली.

"बाबा, याला गावी शेतावर पाठवा. नाहीतर मी परत जाते."

"शिकवा अजून!" बायको मला म्हणाली.

सुनेचं चुकत नाही. भैरूचंही नाही. दगडाला लावलेली माया सोडवून दुसरीकडे कशी लावायची, हे साठ वर्षांत मलाच जमलेलं नाही. त्याला काय शिकवू?

साखळी घेऊन मी वाकतो. भैरू शेपूट हलवत थोडा सरकतो, मला बसायला जागा करून देतो. त्याला वाटतं, मी पहारा बदलायला आलोय.